बिडीचा धूर आणि घरातली जनावरं : कुत्रा, मांजर, कोंबडीला काय होतं आणि काळजी कशी घ्यायची

हेमलकसा (ता. भामरागड) : हेमलकसा म्हटलं की लोकांना लोकबिरादरी प्रकल्प आठवतो. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पात डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माणसांच्या दवाखान्यासोबत जंगली प्राण्यांचं अनाथालयही उभं केलं. शिकारीत मेलेल्या माकडिणीचं पिल्लू घरी आणलं, तिथून त्याची सुरुवात झाली. माणूस आणि प्राणी एकाच अंगणात राहू शकतात, हे बाहेरच्या जगाला इथून कळलं. आपल्या गावांना त्यात नवल वाटलं नाही. भामरागड, एटापल्ली, अहेरी, सिरोंचा या तालुक्यांत कुत्रं खाटेखाली झोपतं, मांजर चुलीजवळ बसतं, कोंबड्या पडवीत टोपल्याखाली असतात आणि बकरीचं पिल्लू थंडीत घरातच बांधतात.

त्याच घरात, त्याच खाटेवर संध्याकाळी बिडी पेटते. बिडीनं ओढणाऱ्याला काय होतं, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. शेजारी बसलेल्या लेकराला काय होतं, हेही आशाताई सांगतात. पण खाटेखालच्या कुत्र्याला काय होतं, हे फारसं कोणी सांगत नाही. जनावर खोकतं, डोळे गाळतं, वाळत जातं आणि आपण म्हणतो, 'म्हातारं झालं'. या विषयावर जगात झालेले अभ्यास, पशुवैद्यकशास्त्रातली माहिती आणि आपल्या भागात करता येण्यासारखे उपाय या लेखात एकत्र दिले आहेत.

थोडक्यात महत्त्वाचं

- बिडी-सिगारेटचा धूर कुत्रा, मांजर, कोंबडी, पिंजऱ्यातले पक्षी सगळ्यांनाच बाधतो.
- कुत्र्याला त्रास मुख्यतः नाकातून आणि फुप्फुसातून होतो. मांजराला धुरासोबत अंग चाटण्यातूनही होतो.
- धूर विरला तरी त्याचा थर गोधडी, जमीन, कपडे आणि केसांवर राहतो.
- थोटूक, खर्रा किंवा तंबाखू पोटात गेली तर काही मिनिटांत विषबाधा होऊ शकते. लहान पिल्लाचा जीवही जातो.
- गोचीड मारायला तंबाखूचं पाणी लावणं धोक्याचं आहे.
- घरात न ओढणं हा निम्मा उपाय. सोडून देणं हा पूर्ण उपाय.
- जनावर आजारी पडल्यास पशुसंवर्धन विभागाचा टोल फ्री क्रमांक १९६२.

आपल्या भागात तंबाखूचं चित्र काय?

बिडीचं पान आपल्याच जंगलातलं. एप्रिल-मे महिन्यात गावंच्या गावं तेंदूपत्ता तोडायला जातात आणि वर्षाचा रोख पैसा त्यातून येतो. पान इथून बाहेर जातं, बिडी होऊन परत येते.

देशभर झालेल्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार (२०१६-१७) महाराष्ट्रात १५ वर्षांवरील २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात. त्यात ओढणारे ३.८ टक्के आणि खाणारे २४.४ टक्के आहेत. म्हणजे आपल्या राज्यात धुरापेक्षा खाण्याची तंबाखू कितीतरी जास्त. गडचिरोली-चंद्रपुरात हे सांगायला सर्वेक्षणाचीही गरज नाही. चौकातल्या टपरीवर पन्नीत घोटलेला खर्रा सगळ्यांनी पाहिलेला आहे. त्याच सर्वेक्षणात देशातल्या ३८.७ टक्के प्रौढांना घरात दुसऱ्याच्या धुराला तोंड द्यावं लागतं असं दिसलं. ज्या घरात माणसाला धूर लागतो, त्या घरातल्या जनावरालाही तो लागणारच.

म्हणून आपल्याकडे जनावरांना तंबाखूचा धोका दोन वाटांनी आहे. एक धुराची, जी हळूहळू मारते. दुसरी थोटूक आणि खर्र्याची, जी एका तासात मारू शकते. आधी धुराचं पाहू.

धूर जनावराला जास्त का लागतो?

तंबाखूच्या धुरात ७,००० पेक्षा जास्त रसायनं असतात आणि त्यातली सुमारे ७० कॅन्सरला कारण ठरतात. निकोटिन, कार्बन मोनॉक्साइड, बेंझिन, फॉर्मल्डिहाइड ही त्यातली काही नावं. बिडी लहान दिसते म्हणून ती सौम्य, असा समज आहे, तो चुकीचा आहे. बिडी विझू नये म्हणून वारंवार आणि जोरात ओढावी लागते. साध्या सिगारेटच्या तुलनेत तिच्या धुरात निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण जास्त आढळतं.

जनावराला हा धूर जास्त बाधण्याची कारणं साधी आहेत.

पहिलं, जनावर घरातून उठून जात नाही. माणूस शेतात, बाजारात, कामावर जातो. म्हातारं कुत्रं, विणारी मांजर, खुडूक कोंबडी दिवसरात्र त्याच जागी असते.

दुसरं, जनावर जमिनीलगत राहतं. धुरातले बारीक कण खाली बसतात. जमीन, गोणपाट, गोधडी, खाटेची दोरी यांवर त्यांचा थर बसतो. आपण सारवलेल्या भुईवर चालतो, कुत्रं त्याच भुईला नाक लावून झोपतं.

तिसरं, अंगावर केस किंवा पिसं असतात. त्यात धुराचे कण अडकतात. जनावर अंग चाटतं आणि ते कण पोटात जातात.

चौथं, शरीर लहान असतं. साठ किलोच्या माणसाला जेवढा धूर नुसता खोकला आणतो, तेवढाच धूर तीन किलोच्या मांजराला कितीतरी भारी पडतो.

आपल्याकडे पाचवं कारण पावसाळ्याचं. जून ते सप्टेंबर दारं-खिडक्या बंद असतात, जनावरं आत असतात, ओढणाराही आतच बसतो. वर चुलीतली लाकडं ओली असतात. वर्षातला सगळ्यात वाईट धूर याच दिवसांत जनावरांच्या वाट्याला येतो.

कुत्रा : नाक आणि फुप्फुस

कुत्र्याचा श्वास नाकातून. त्यामुळे धुराचा पहिला मार नाकाला बसतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी १९९२ मध्ये कुत्र्यांच्या फुप्फुसाच्या कॅन्सरवर आणि १९९८ मध्ये नाकाच्या कॅन्सरवर अभ्यास प्रसिद्ध केले. पहिल्या अभ्यासात मालकाच्या धूम्रपानाशी फुप्फुसाच्या कॅन्सरचा संबंध दिसला, पण तो फार ठळक नव्हता. दुसऱ्या अभ्यासात एक वेगळी गोष्ट पुढे आली. लांब तोंडाच्या कुत्र्यांमध्ये घरातल्या धुरासोबत नाकाच्या कॅन्सरचा धोका वाढलेला होता. आखूड तोंडाच्या कुत्र्यांत तसं दिसलं नाही.

कारण असं सांगितलं जातं की लांब नाकात आतला पडदा मोठा असतो. धुरातले कण तिथेच अडकतात आणि नाकाला इजा करतात. आखूड तोंडाच्या कुत्र्यात कण नाकात थांबत नाहीत, सरळ फुप्फुसात उतरतात. आपली गावठी कुत्री बहुतेक लांबट तोंडाची असतात, हे यासोबत लक्षात ठेवावं.

कॅन्सर ही शेवटची पायरी. त्याआधी दिसतात ते रोजचे त्रास : कोरडा खोकला, श्वासनळीची सूज, धाप, डोळ्यांतून पाणी, नाक गळणं. शिकारीला किंवा राखणीला जाणारं कुत्रं लवकर दमायला लागतं, तेव्हा मालकाच्या लक्षात येतं. जंगलालगतच्या गावात रानडुकरांपासून धान राखणारं कुत्रं म्हणजे घरचा एक कामकरी माणूसच. ते दमेकरी झालं तर नुकसान पिकाचं होतं.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय विभागात प्राध्यापक क्लेअर नॉटनबेल्ट यांच्या गटानं कुत्र्या-मांजरांच्या केसांत निकोटिन किती साठतं, ते मोजलं. ओढणाऱ्यांच्या घरातल्या जनावरांच्या केसांत ते जास्त सापडलं. मालक दिवसाला दहापेक्षा कमी सिगारेटी ओढत असेल तर प्रमाण बरंच उतरलं, पण न ओढणाऱ्यांच्या घरातल्या जनावराइतकं खाली आलं नाही. खच्ची केलेली कुत्री धुराच्या घरात जास्त लठ्ठ होतात, असंही याच गटाला दिसलं.

मांजर : चाटून पोटात जाणारं विष

मांजराचा धोका कुत्र्यापेक्षा जास्त मानला जातो. मांजर दिवसाचा बराच वेळ अंग चाटण्यात घालवतं. धुराचे कण केसांवर बसतात आणि जिभेनं तोंडात, तोंडातून पोटात जातात. म्हणजे एकाच धुराचा मार दोनदा, एकदा श्वासातून आणि एकदा चाटण्यातून.

याचा सगळ्यात गाजलेला अभ्यास २००२ चा. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठ आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर झालेली ८० मांजरं आणि इतर आजारांची ११४ मांजरं यांची तुलना केली. ज्या घरात कोणी ओढत होतं त्या घरातल्या मांजरांना लिम्फोमाचा धोका सुमारे २.४ पट निघाला. पाच वर्षं किंवा जास्त काळ धुरात राहिलेल्या मांजरांत तो ३.२ पट होता. जितकी वर्षं धूर, तितका धोका जास्त. मांजरांच्या तोंडातल्या कॅन्सरमागेही धुराचा हात असावा, असा संशय पशुवैद्यक घेतात, कारण चाटताना पहिला संबंध तोंडाच्या नाजूक त्वचेशी येतो.

मांजरांना दमाही होतो. दमेकरी मांजर पोट जमिनीला टेकवून, मान पुढे ताणून खोकतं. लोकांना वाटतं घशात केस अडकला. असं वारंवार होत असेल तर ते केसाचं नसतं, श्वासाचं असतं.

कोंबड्या आणि पिंजऱ्यातले पक्षी

पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसाला जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात. उडायला ताकद लागते म्हणून निसर्गानं त्यांना हवेतला प्राणवायू जास्तीत जास्त ओढून घेण्याची सोय दिली. त्याच सोयीनं हवेतलं विषही जास्त आत जातं. चंद्रपूरकरांना कोळसा खाणी माहीत आहेत. ब्रिटनमधल्या कोळसा खाणींत विषारी वायू ओळखायला कॅनरी नावाचा छोटा पक्षी पिंजऱ्यात घालून नेत. माणसाला कळायच्या आधी पक्षी गळून पडे आणि मजूर बाहेर पळत. १९८६ पर्यंत ही पद्धत तिकडे चालू होती. त्या पक्ष्याला पाडणारा मुख्य वायू कार्बन मोनॉक्साइड, आणि बिडीच्या धुरातही तोच असतो. प्रमाण कमी असतं, पण रोज असतं.

कोंबडी घरात ठेवली जाते ती रात्री, आणि घरात बिडी ओढली जाते तीही रात्रीच. पिल्लांचं टोपलं ओढणाऱ्याच्या खाटेजवळ असेल तर शिंका, डोळ्यांना चिकटा, चोच उघडी ठेवून श्वास घेणं असे त्रास दिसू शकतात. अशा पिल्लांना दुसरा आजारही लवकर पकडतो. एक लक्षात ठेवा, हीच लक्षणं मानमोडी (राणीखेत) सारख्या साथीतही दिसतात. म्हणून एकदम अनेक कोंबड्या आजारी पडल्या तर धुरावर ढकलून गप्प बसू नका, दवाखान्यात कळवा.

हौशीनं लव्हबर्ड पाळणाऱ्यांनी हात न धुता पक्षी हाताळू नये. बोटांवरचं निकोटिन त्यांच्या पायांच्या त्वचेला लागून जखमा होतात. आपल्या जंगलातला पोपट पिंजऱ्यात ठेवणं तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार गुन्हाच आहे.

गाई-बैल, बकऱ्या

गोठा मोकळा असतो, त्यामुळे गाई-बैलांना बिडीच्या धुराचा त्रास कमी. त्यांना जास्त लागतो तो डासांसाठी केलेला धूर. संध्याकाळी कडुनिंबाचा पाला किंवा शेण्या जाळून गोठ्यात धूर करण्याची आपली पद्धत आहे. डास पळतात हे खरं, पण बंद गोठ्यात दाट धूर कोंडला की वासरं खोकतात. धूर गोठ्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला, बाहेर करावा, म्हणजे तो गोठ्यावरून वाहून जातो आणि कोंडत नाही.

बकऱ्यांचा प्रश्न धुराचा कमी आणि खाण्याचा जास्त. त्या थोटकं, तंबाखूची पुडी, खर्र्याची पन्नी काहीही चघळतात. पन्नी पोटात साठून राहते आणि हळूहळू बकरीचं खाणं तुटतं.

थोटूक, खर्रा, तंबाखू पोटात गेली तर

इथे वेळ फार कमी असतो, म्हणून हा भाग नीट वाचा.

एका सिगारेटमधल्या तंबाखूत साधारण ९ ते ३० मिलिग्रॅम निकोटिन असतं. ओढून टाकलेल्या थोटकातही काही मिलिग्रॅम शिल्लक राहतं. कुत्र्याला वजनाच्या दर किलोमागे १ मिलिग्रॅमच्या आसपास निकोटिनानं लक्षणं सुरू होऊ शकतात आणि ९-१० मिलिग्रॅमच्या आसपास जीव जाऊ शकतो. हिशेब करून पाहा. पंधरा किलोच्या मोठ्या कुत्र्यानं एक थोटूक खाल्लं तर ओकारी होऊन बहुधा निभावेल. दोन किलोच्या पिल्लानं दोन-तीन थोटकं खाल्ली तर ते मरणाच्या दारात जाऊ शकतं.

खर्रा त्याहून वाईट, कारण त्यात तीन गोष्टी एकत्र असतात. तंबाखूतलं निकोटिन आहेच. चुन्यामुळे ते तोंडातून लवकर रक्तात उतरतं, शिवाय चुना तोंड भाजतो तो वेगळा. सुपारीत अरेकोलिन नावाचं द्रव्य असतं. ते इतकं जोरदार की पूर्वी परदेशात कुत्र्यांच्या पोटातले पट्टकृमी पाडायला त्याचं औषध वापरत. ते दिलं की लाळ, ओकारी आणि जोराचे जुलाब होत. म्हणजे टाकलेला खर्रा चघळणाऱ्या पिल्लाला एकाच वेळी तीन मार बसतात. सुगंधामुळे आणि गोडसर चवीमुळे ते खर्र्याकडे ओढलं जातं, हेही आहे.

लक्षणं १५ मिनिटांपासून तासाभरात दिसतात :

- तोंडातून लाळ गळणं, ओकारी, जुलाब
- अस्वस्थ होऊन फिरणं, अंग थरथरणं
- श्वास आणि छातीचे ठोके जोरात
- नंतर पाय लटपटणं, झटके येणं
- शेवटी अंग ढिलं पडणं, श्वास मंद होणं

काय करायचं :

- तोंडातलं उरलेलं थोटूक, खर्रा, पन्नी काढून टाका. चावणार नाही याची काळजी घ्या.
- जनावर शुद्धीत असेल तर ओल्या फडक्यानं तोंड पुसा.
- मोकळ्या हवेत, सावलीत, शांत ठेवा.
- १९६२ वर फोन करा किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, ते सांगा. उरलेली पुडी सोबत न्या.

काय करायचं नाही :

- मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका.
- झटके येत असताना तोंडात दूध, पाणी, तेल काहीही ओतू नका. ते फुप्फुसात जातं.
- खायचा सोडा किंवा आम्लपित्ताची गोळी देऊ नका. पोटातलं आम्ल कमी झालं की निकोटिन जास्त वेगानं रक्तात जातं.

दवाखान्यात सलाईन, झटके थांबवायचं औषध, विष शोषणारा कोळसा असे उपचार होतात. निकोटिनावर नेमका उतारा नाही, पण पहिले काही तास जनावर तगलं तर पुढे बरं होण्याची आशा चांगली असते.

तंबाखूचं पाणी अंगाला लावू नका

गोचीड, पिसवा, उवा मारायला तंबाखू भिजवून तिचं पाणी जनावराच्या अंगाला चोळायची जुनी पद्धत अनेक गावांत अजून आहे. गोचीड मरतो, कारण निकोटिन हे कीटकनाशकच आहे. पण ते कातडीतूनही शरीरात जातं. अंगावर खाजवून झालेल्या जखमा असतील तर आणखी लवकर. वासरू, करडू, कुत्र्याचं पिल्लू यांना त्यातून विषबाधा होते आणि जनावर अंग चाटत असेल तर विष पोटातही जातं. लावून झालं असेल आणि जनावर थरथरत असेल तर साबणानं भरपूर पाण्यात धुऊन काढा आणि दवाखान्यात कळवा. गोचिडाचं औषध पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावं.

लोक विचारतात

प्रश्न : घरात चुलीचा धूर दिवसभर असतो. मग बिडीच्या एवढ्याशा धुराला काय भ्यायचं?
उत्तर : चुलीचा धूरही वाईटच आणि तोही कमी केला पाहिजे. पण दोन धूर एकमेकांना रद्द करत नाहीत, एकात एक मिळतात. शिवाय निकोटिन चुलीच्या लाकडातून येत नाही, ते तंबाखूतूनच येतं. चूल स्वयंपाकापुरती पेटते. बिडी मात्र जनावराच्या अगदी शेजारी, रात्री दार लावल्यावर पेटते.

प्रश्न : दारात बसून ओढली तर चालेल का?
उत्तर : घरात ओढण्यापेक्षा बरं, पण दारातला धूर वाऱ्यानं आतच येतो. अंगणाच्या कडेला, जनावरांपासून लांब जावं. परत आल्यावर हात-तोंड धुवावं. जमलं तर अंगावरचा सदरा बदलून मगच पिल्लाला हात लावावा.

प्रश्न : अगरबत्ती लावली की वास जातो ना?
उत्तर : वास झाकला जातो, कण तिथेच राहतात. वर अगरबत्तीचा धूर वाढतो तो वेगळा.

प्रश्न : आमच्या घरी कोणी ओढत नाही, सगळे खर्राच खातात. मग जनावराला काय धोका?
उत्तर : धुराचा धोका नाही, विषबाधेचा आहे. थुंकलेला चोथा आणि फेकलेली पन्नी जनावराच्या तोंडाच्या उंचीवरच पडलेली असते.

प्रश्न : ओढणं बंद केलं तर जनावराला फरक पडतो का?
उत्तर : पडतो. धूर कमी झाला की केसांतलं निकोटिन कमी होतं, हे ग्लासगोच्या मोजमापात दिसलं आहे. डोळ्यांची आग आणि खोकला यांनाही नव्या धुराची भर पडत नाही. कॅन्सरचा धोका वर्षांच्या हिशेबानं वाढतो, म्हणून जितक्या लवकर बंद, तितकं चांगलं.

घरात आजपासून करता येण्यासारखं

१. घराच्या आत, पडवीत आणि गोठ्यात बिडी नाही, हा नियम घरातल्या मोठ्यांनीच घालून घ्यावा. पाहुण्यालाही तोच.

२. थोटूक पायाखाली विझवून सोडू नये. झाकणाच्या डब्यात टाकावं. डबा उंच ठेवावा.

३. खर्र्याची पुडी खिशात ठेवून सदरा खाटेवर टाकू नये. कुत्र्याची पिल्लं आणि रांगणारी लेकरं दोघंही ती शोधून काढतात.

४. जनावराची गोणपाटं, गोधड्या आठवड्यातून एकदा धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. भुई सारवताना खाटेखालची जागा सोडू नये.

५. मांजर-कुत्र्याचं अंग दोन-तीन दिवसांतून ओल्या फडक्यानं पुसावं.

६. कोंबड्यांचं टोपलं रात्री चूल आणि खाट दोन्हींपासून दूर, हवा खेळती असलेल्या बाजूला ठेवावं.

७. तीन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, नाकातून रक्त किंवा एकाच नाकपुडीतून सतत पाणी, तोंडात न भरणारी जखम, गळ्याखाली किंवा जांघेत गाठ, कारण नसताना वाळत जाणं, यातलं काही दिसलं तर दवाखान्यात दाखवावं. तिथे निदान झालं नाही तर पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारून नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात नेता येतं.

शेवटच्या मुद्द्याबाबत आपल्याकडची अडचण खरी आहे. शहरात कुत्र्याचा एक्स-रे, गाठीची तपासणी, कॅन्सरचा उपचार होतो. भामरागडसारख्या तालुक्यातून आजारी कुत्रं नागपूरला नेणं किती घरांना परवडेल? पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तालुक्याच्या ठिकाणाचाच संपर्क तुटतो, मग जनावराचं कोण बघणार? म्हणून आपल्यासाठी उपचारापेक्षा टाळणंच महत्त्वाचं. धूर न होऊ देण्याला ना गाडी लागते ना पैसा.

कायदा काय म्हणतो?

२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. त्याचे सुधारित नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले आणि मोडणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड होतो. दवाखाने, शाळा, सरकारी कार्यालयं, बसथांबे यात येतात. राज्यात गुटखा आणि पानमसाल्यावर २०१२ पासून बंदी आहे. घरातल्या धुरावर मात्र कायदा चालत नाही, तिथे घरच्यांचाच शब्द चालतो.

प्राणी पाहायला आपल्या भागात येणाऱ्या पर्यटकांनीही हे लक्षात ठेवावं. प्राण्यांच्या जवळ ओढू नये, पिंजऱ्याच्या आसपास थोटूक किंवा पुडी टाकू नये. उन्हाळ्यात जंगलाच्या रस्त्यावर फेकलेलं जळतं थोटूक वणवा लावतं. त्यात तर पाळीव आणि जंगली, दोन्ही जनावरं होरपळतात.

सोडायचं असेल तर

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत जनावरं पाळणाऱ्या धूम्रपान करणाऱ्यांना विचारलं होतं, की धुरानं तुमच्या जनावराला इजा होते असं कळलं तर काय कराल? सुमारे २८ टक्के म्हणाले, सोडायचा प्रयत्न करू. स्वतःसाठी न सोडणारा माणूस जनावरासाठी सोडायला तयार होतो, हे त्यातून दिसलं. ज्या भागात बैलाला पोळ्याला आंघोळ घालून सजवतात आणि शिकारीच्या कुत्र्याला घरच्यासारखं वागवतात, तिथे हे समजणं अवघड नाही.

मदतही उपलब्ध आहे. गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून 'मुक्तिपथ' हे दारू व तंबाखूमुक्तीचं अभियान चालतं. शासन, टाटा ट्रस्ट आणि डॉ. अभय बंग यांची 'सर्च' संस्था त्यात आहेत. ग्रामीण रुग्णालयात तंबाखू सोडण्याबाबत विचारणा करता येते. फोनवर सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा टोल फ्री क्रमांक १८००-११-२३५६ आहे.

जनावराच्या कोणत्याही तक्रारीसाठी क्रमांक १९६२. दोन्ही क्रमांक घराच्या भिंतीवर लिहून ठेवावेत.